लाल तसाच येऊ दे

३ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद नेहमीचेच, पण ते पाठवायला पत्ता मिळाला हे नवीन.

सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चार ओळी. दोन कॅमेऱ्याच्या, एक पत्त्याची आणि एक ‘फोन करू नये’ अशी. वर ‘बाबा’ नाही, खाली सही नाही. हरकत नाही. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं हे मलाही माहीत आहे, आणि दुकानात येणारं गिऱ्हाईकसुद्धा नाव न सांगताच चौकशी करतं.

तू विचारलंयस, ‘लहान मुलांचे फोटो काढायला कुठला डिजिटल कॅमेरा घ्यावा? एक चार वर्षांचा आहे, एक दीड वर्षाची.’ नातवाचं उडत उडत कानावर आलं होतं. नात झाल्याचं मला या वाक्यातून कळलं. अशी बातमी कॅमेऱ्याच्या चौकशीतून कळलेला आजोबा जगात मी एकटाच असेन. खुर्चीत बसलो, पाणी प्यायलो आणि परत पहिल्यापासून वाचलं.

आता कामाचं. दुकानदार तुला मेगापिक्सेल ऐकवेल. ऐकून घे, मान डोलव आणि सोडून दे, तुला काही भिंतीएवढे फोटो छापायचे नाहीत. बघायचं ते हे, की बटण दाबल्यावर फोटो लगेच निघतो का. मूल हसतं ते अर्धा सेकंद. ज्या कॅमेऱ्याला विचार करायलाच एक सेकंद लागतो त्यात मुलाची पाठ येते. मग भिंग. घरात उजेड कमी, आणि फ्लॅश मारलास की मूल आधी दचकतं आणि मग भोकाड पसरतं. तेव्हा उजेड भरपूर आत घेणारं भिंग घे, त्याच्यावरचा आकडा दोनच्या खालचा असला पाहिजे. मागचा पडदा वर वळणारा असू दे, म्हणजे कॅमेरा त्यांच्या उंचीवर धरून तुला वरून बघता येईल. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलांची नुसती डोकी येतात. खाली बस. गुडघे दुखले तर दुखू देत.

माझ्या मते चांगला भरभक्कम कॅमेरा घे, माझ्याकडे आहे तसा. हातात धरल्यावर काहीतरी धरलंय असं वाटलं पाहिजे.

एक अडचण आहे. मुलं पाहिल्याशिवाय भिंग नेमकं कुठलं ते सांगता येत नाही. चपळ आहेत की शांत, केस डोळ्यांवर येतात का, घरात खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे सगळं बघावं लागतं. तेव्हा दोघांचा एखादा फोटो पाठव. फोनवरचा कसाही छापून पाठवलास तरी चालेल. कारण संपूर्णपणे तांत्रिक आहे.

इकडे सगळं ठीक. स्टुडिओ जोरात चालला आहे, मान वर करायला फुरसत नाही.

बाबा

१९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘एका हाताने धरता येईल असा सांगा. दुसऱ्या हातात मूल असतं. फोटो पाठवणार नाही.’

पहिल्या मुद्द्यावर मी सपशेल चुकलो. चाळीस वर्षं लोकांच्या मुलांचे फोटो काढले, पण ज्या बाईच्या कडेवर मूल आहे तिने कॅमेरा कसा धरायचा हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पडणार कसा? माझ्या स्टुडिओत आया मुलाला मागून धरून बसायच्या आणि मी त्यांच्या अंगावरून चादर टाकायचो, म्हणजे मूल आपलं आपण बसलंय असं वाटावं. चादरीबाहेर आईचा हात दिसला की छापताना तो कापायचो. तेव्हा भरभक्कम कॅमेरा रद्द. छोटा घे, भिंगसुद्धा हलकं घे, आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी मनगटात अडकवायची दोरी घे. गळ्यातला पट्टा दीड वर्षाची मुलगी ओढणारच. तू माझ्या गळ्यातला, कॅमेऱ्यापासूनचं अंतर मोजायचा टेप ओढायचीस.

दुसऱ्या मुद्द्याचं काय करू? रागावलो नाही. थोडा रागावलो. पण तुझ्या लग्नाचा अल्बम मी वाईट हेतूने केला नव्हता एवढं तरी मान्य कर. चौऱ्याऐंशी फोटो, तीन आठवडे मी मान मोडून बसलो होतो. तुझ्या डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत उतरलेला तो तांबडा डाग एकाही फोटोत राहू दिला नाही, आणि कुठे रंग लावल्याचं कळतसुद्धा नव्हतं. असं काम करणारी माणसं आता उरली नाहीत. जावईबापूंनी पहिलं पान उघडून थट्टेत ‘ही कोण?’ म्हणून विचारलं, त्यात एवढं काय झालं? तू अल्बम आणून माझ्या काउंटरवर ठेवलास आणि गेलीस. मला वाटलं होतं, चार दिवसांनी राग उतरेल.

आणि खरं सांगायचं तर ही सवय मला तुझ्या आईने लावली. तुझ्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो धुतला तेव्हा तिनेच मला म्हटलं, गालावरचं तेवढं काढून टाका. तेव्हा कॉम्प्युटर कुठला? निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवायची, त्या जागी छापताना गोरं येतं. मी तिचा शब्द मोडला नाही. ती आज असती तर तिनेच तुला सांगितलं असतं.

त्या परीक्षेच्या वेळचंही तू मनात धरून बसली असशील. ती पर्यवेक्षिका मठ्ठ होती, त्याला मी काय करणार?

मुलांची नावं तू लिहिलेली नाहीस. मी आपला मनात मोठा आणि धाकटी म्हणतो.

बाबा

९ मार्च

भिंगरी,

दीड पानाचं पत्र आलं म्हटल्यावर आधी आनंद झाला. मग वाचलं.

तुझं पत्र मी इथे परत लिहून काढतोय, कारण मला ते नीट कळलंय की नाही हे तुला कळायला हवं. ‘धाकटीच्या डाव्या भुवईवर लाल खूण आहे. माझ्यासारखी नाही, वेगळी. जन्मल्यावर तिसऱ्या आठवड्यात आली, वर्षभर फुगत गेली, आता बसायला लागली आहे. डॉक्टर म्हणतात, शाळेत जाईपर्यंत आपोआप जाईल, औषधसुद्धा नको. सगळे म्हणतात किती छान. मलाही बरंच वाटतं. पण ती जायच्या आत मला ती फोटोत हवी आहे. मोठी झाल्यावर तिला दाखवायची आहे. फोन मात्र प्रत्येक फोटोत ती पुसट करतो, कुणी न सांगता. सगळी बटणं बंद करून पाहिली. फोनला तुमची सवय लागली आहे. म्हटलं, ज्याला खूण घालवता येते त्यालाच ती कुठे कुठे जाते ते माहीत असणार. म्हणून तुम्हाला विचारलं. दुसरं काही कारण नाही.’

शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. मी तसं समजलोही नव्हतो. म्हणजे समजलो होतो.

हे वाचून मला काय वाटलं ते सांगता येत नाही म्हणून काय केलं ते सांगतो. कपडे बदलले आणि कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक मुलगी होती, तुझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. म्हणाली, ‘नातवंडांसाठी का काका? मग हाच घ्या, यात चेहरे इतके गोड येतात ना!’

‘गोड नकोत. आहेत तसे हवेत.’

‘म्हणजे कसे?’

तिच्या हनुवटीवर एक ताजी, टपोरी पुटकुळी होती. मी म्हटलं, ‘तुझ्या चेहऱ्याचा एक फोटो काढू? हनुवटी नीट उजेडात धर.’

‘काका, आजच नेमका पिंपल आलाय!’

‘म्हणून तर.’

तिने मॅनेजरला हाक मारली. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तू लिहिलेलं नाही सांगितलं, नुसतं एवढंच, की लाल रंग पुसणारा कॅमेरा मला नको आहे. तो हसायला लागला. चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही म्हणाला, वयाने असेल जेमतेम पस्तीस. मग त्यानेही सकाळी दाढी करताना कापलेला स्वतःचा गाल पुढे केला. पाच कॅमेरे काउंटरवर मांडले, त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात, दोघांचे फोटो. पाचपैकी तीन कॅमेऱ्यांत त्या मुलीची पुटकुळी बरी झाली. तिला तेच तीन आवडले.

पुटकुळ्या बऱ्या करायची ही नसती खोड कारखान्यातूनच लावून देतात, भिंगरी. कुठे तिला ‘मऊ त्वचा’ म्हणतात, कुठे ‘सुंदर चेहरा’. बंद करता येते, पण ती असते हेच कुणाला माहीत नसतं. कमी उजेडात फोटोवर रव्यासारखे दाणे येतात, ते घालवायचं एक खातं असतं, तेही जाता जाता त्वचेवर हात फिरवून जातं. आणि घरातल्या पिवळ्या दिव्यात कॅमेरा आपल्या मनाने रंग सुधारतो, त्यात लाल मरतो. तू बरोबर माणसाला विचारलंस. मला त्याचा अभिमान वाटला, आणि मग तो वाटल्याची लाज वाटली.

दोन कॅमेरे उरले आहेत. उद्या पुन्हा जातो.

बाबा

२३ मार्च

भिंगरी,

खूण कुणासाठी थांबत नाही, म्हणून तुला न विचारता कॅमेरा घेऊन टाकला. पार्सलमध्ये आहे. नको म्हणू नकोस. मी एका हातात दहा किलो कणकेची पिशवी घेऊन, म्हणजे साधारण मुलाएवढं वजन घेऊन, दुसऱ्या हाताने तो धरून पाहिला आहे. शेजारच्या बाईंनी दारातून पाहिलं आणि दार लावून घेतलं.

‘मऊ त्वचा’ बंद केली आहे. दाणे घालवणं अगदी कमीवर आणलं आहे. रंगाची जुळणी मी दिवसाच्या उजेडावर पक्की केली आहे, तेव्हा फोटो शक्यतो सकाळी खिडकीशी काढ. ऊन थेट अंगावर येऊ देऊ नकोस, त्याच्या बाजूला बसव. उजेड खुणेवर तिरका पडला की तिची उंचीही दिसेल, नाहीतर नुसता सपाट रंग येतो. तिला खेळू दे, ‘इकडे बघ, हस’ असं करू नकोस. धावत असेल तर शटरचा आकडा पाचशेच्या वर ने. एकाच फोटोवर थांबू नकोस, धडाधड काढ. फिल्म संपायची भीती होती तेव्हा आम्ही जपून काढायचो, आणि जपून काढलेल्या फोटोंत सगळी मुलं शहाण्या माणसांसारखी दिसतात.

दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी एक फोटो काढ. मग ती मोठी झाल्यावर खूण कशी गेली तेही तिला पाहता येईल. हे माझं सुचवणं आहे, पटलं तर बघ.

मोठा काय करतो? बहिणीचे फोटो काढताना मध्ये येतो का? तू यायचीस. कुणाही गिऱ्हाइकाच्या बाळाचा फोटो काढायला मी काळ्या कापडात डोकं घातलं की तू पलीकडे जाऊन बाळाला तोंडं वेडावून दाखवायचीस. माझे सगळ्यात चांगले फोटो त्यातूनच निघाले. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा ओरडत होतो.

मी फोटो मागत नाही.

बाबा

१५ एप्रिल

भिंगरी,

कॅमेरा परत आला. खोक्यात चिठ्ठी, ‘तुम्ही बदलणार नाही. कार्ड आतच आहे. स्वतःच बघा.’

बघितलं. अकरा फोटो. माझी नात मी पहिल्यांदा पाहिली ती अशी. उंच खुर्चीत बसली आहे, चमचा उलटा धरला आहे, खालच्या ओठाची ठेवण तुझ्या आईची आहे. आणि कपाळ स्वच्छ. अगदी स्वच्छ म्हणता येणार नाही, तू सांगितलेल्या जागी दुधात एखादा थेंब रंग पडावा एवढी छटा होती. काम इतकं सफाईदार, की क्षणभर मलाच वाटलं, हे मी कधी केलं?

कॅमेरा टेबलावर घेऊन बसलो. मी बंद केलेलं सगळं बंदच होतं. दुपारपर्यंत डोकं चालेना. मग वरच्या डायलकडे लक्ष गेलं. त्याच्यावर चित्रं असतात, डोंगर, फूल, पळणारा माणूस आणि बाळाचं तोंड. मी आयुष्यात त्या चित्रांना हात लावलेला नाही, आपलं हाताने जुळवायचं ही आमची ऐट. म्हणून दुकानात पाच कॅमेरे तपासणाऱ्या या शहाण्याने डायल तपासला नाही. पण ज्या आईला बाळाचा फोटो काढायचा आहे ती बाळाचं चित्र नाही लावणार तर काय डोंगराचं लावेल? आणि डायल बाळावर आला की हा कॅमेरा माझ्या सगळ्या सूचना गुंडाळून ठेवतो, कातडी मऊ करतो आणि लाल उतरवतो. बाळ म्हणजे असंच असतं, असं बनवणाऱ्यांनी ठरवून टाकलं आहे.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, निर्दोष सुटल्याचा आनंद झाला. लगेच तुला दोन पानं पत्र लिहिलं. त्याची सुरुवात होती, ‘दोष माझा नाही, डायलचा आहे.’ ते वाक्य मी वाचलं आणि पुढचं वाचवेना, कारण ते मी आधी एकदा बोललो आहे.

तू सतरा वर्षांची होतीस. प्रवेशपत्रावरचा फोटो मीच काढलेला, गाल मीच पुसलेला. पर्यवेक्षिकाबाईंनी फोटो पाहिला, तुला पाहिलं आणि म्हणाल्या, ही तू नाहीस. मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा त्या ओल्या रुमालाने तुझा गाल चोळून बघत होत्या, रंग लावलाय का म्हणून. दोन मिनिटं एका जागी न टिकणारी माझी पोरगी तिथे खांबासारखी उभी होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मला एकच वाक्य बोलायचं होतं, की फोटो मी बदलला आहे. मी काय बोललो ते तुला माहीत आहे. ‘बाई, दोष प्रकाशाचा आहे. स्टुडिओतल्या दिव्यांमुळे असं येतं.’ तुझा पाऊण तास गेला. तू पेपर अर्धवट देऊन आलीस, आणि मी घरी, दारी, गिऱ्हाइकांत, सगळीकडे सांगत सुटलो की पर्यवेक्षिका मठ्ठ होती. ती मठ्ठ नव्हती. तिच्या हातात खोटा फोटो होता.

आणि इतकं होऊन मी लग्नाचा अल्बम केला.

अजून एक. तुझ्या आईने मला कधीच काही काढायला सांगितलं नव्हतं. वाढदिवसाचा तो फोटो तिने हातात घेतला आणि विचारलं, ‘हिचा गाल कुठे गेला?’ मी म्हटलं, स्टुडिओत असंच असतं. तिने तो फोटो कधी भिंतीला लावला नाही. मी तिच्यावर ढकललं, कारण ती आता उलट उत्तर द्यायला नाही.

का केलं, हे आठवडाभर शोधतोय. शोभेल असं एकही कारण सापडलं नाही. लोक तुझ्याकडे बघतात याचा तुला त्रास व्हायचा नाही, मला व्हायचा. तू त्यांना जीभ दाखवायचीस आणि मी पेन्सिल उचलायचो. बस, एवढंच आहे.

स्टुडिओही जोरात वगैरे चाललेला नाही. बंद होऊन दोन वर्षं झाली. सकाळी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये फोटो छापायच्या यंत्रावर बसतो. मालक भला आहे.

कॅमेरा परत पाठवतोय. डायल मी साध्या जागेवर ठेवून काळ्या पट्टीने चिकटवला आहे आणि वरून गोंद ओतला आहे. दुकानातल्या मुलीने पाहिलं तर रडेल. आता तो कुणाच्याही हातात बाळावर जाणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आधी मोठ्याच्या गुडघ्याचा फोटो काढून बघ. चार वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यावर काही ना काही लागलेलं असतंच. ते दिसलं, तर मगच धाकटीला बसव.

तुला यायला, बोलायला, लिहायला मी काही सांगत नाही. फक्त तिची खूण जायच्या आत हे कर.

बाबा

८ जून

भिंगरी,

कार्ड मिळालं. चिठ्ठीही. ‘इथल्या लॅबने छापले तेव्हा लाल उतरवूनच दिला. तुम्ही छापा. चार बाय सहा. सगळे. काहीही करू नका.’

नाही केलं. कसं नाही केलं ते सांगतो.

आमच्या यंत्रातही रंग आपोआप सुधारायची सोय आहे. ती कायम चालू असते, गेली दोन वर्षं माझ्याच हाताखाली चालू होती. मी ती बंद केली. मालक मागे येऊन उभा राहिला.

‘काका, दुरुस्ती का बंद केलीत? लाल फार येईल.’

‘लाल तसाच येऊ दे.’

‘गिऱ्हाईक ओरडेल.’

‘ओरडू दे. सहा वर्षं ओरडलेलंसुद्धा नाही ते.’

त्याला काही कळलं नाही, पण तो मला बरं वाटावं म्हणून हसला आणि गेला.

पहिला फोटो पडद्यावर आला. खिडकी, डावीकडून उजेड, आणि ती. खूण भुवईच्या वरपासून केसांपर्यंत आहे. मध्यभागी अजून लालबुंद, कडेला राखाडी व्हायला लागली आहे, आणि तिरक्या उजेडात तिची उंची स्पष्ट दिसते. तू उजेड फार चांगला धरला आहेस. माझा हात सवयीने माउसकडे गेला. हे लपवत नाही. चाळीस वर्षांचा हात आहे, त्याला अजून कळलेलं नाही. मी तो मांडीखाली घेतला आणि डाव्या हाताने छापलं. दोनशे बारा फोटो डाव्या हाताने. त्यामुळे दिवस गेला.

काही फोटो हलले आहेत, काहींत नुसता कान आहे, सतरा फोटोंत मोठ्याचा गुडघा आहे. त्याच्यावरची खपली इतकी झकास आली आहे की मला हसू फुटलं. तू खरंच आधी तपासून पाहिलंस. पाहायलाच हवं होतं. तो गुडघा घेऊन उभं राहताना त्याने जे तोंड केलं आहे ते मी ओळखतो, ते काळ्या कापडापलीकडून मी किती वेळा पाहिलं आहे. त्याचं नाव काय आहे ग? मला ते मोठ्याने म्हणून बघायचं आहे. धाकटीचंही.

एकशे सत्तेचाळिसावा फोटो तू काढलेला नाहीस. कॅमेरा मोठ्याच्या हातात गेला असणार. खालून काढलेला आहे, वाकडा आहे, अर्ध्या फोटोत छत आहे. एका बाजूला तू आहेस. धाकटी कडेवर आहे, तिचा पंजा तुझ्या गालावर सपाट पडला आहे, आणि तिच्या बोटांच्या मधून, बोटांच्या खालून, कानापासून हनुवटीपर्यंत तुझी खूण आहे. सगळी. तू कुणाला तरी ओरडते आहेस आणि हसतेही आहेस. कानशिलावर केस पांढरे झालेत तुझे. मला माहीत नव्हतं.

तो कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा गरम होता. मी तो घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसलो आणि रडलो. येणारी-जाणारी माणसं बघत होती. बघू दिलं.

सगळे फोटो आणि कार्ड या पाकिटात आहेत. कशाचीही प्रत ठेवलेली नाही, कॉम्प्युटरवरूनही काढून टाकले, कारण तू ठेवा असं म्हणाली नव्हतीस. एकशे सत्तेचाळिसावाही आतच आहे. तो पाकिटात घालायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

माझ्या ट्रंकेत तुझे तीन-चारशे फोटो आहेत. पहिल्या वाढदिवसाचे, शाळेतले, लग्नातले. काल सगळे काढून पाहिले. त्यातला एकही तुझा नाही. छत्तीस वर्षांत तुझा पहिला फोटो तुझ्या मुलाने काढला, आणि मला तो हवा आहे.

मला परत पाठवशील? नाही म्हणालीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण ते पुन्हा खोटं झालं असतं. चालणार नाही.

बाबा